चित्र कोणाचे, शरीर कोणाचे आणि संमती कोणाची?

गेल्या दोन-तीन वर्षांत चित्रे काढणारे यंत्र आपल्या घरोघरच्या मोबाइलमध्ये येऊन बसले आहे. चार ओळी लिहिल्या की चित्र तयार. पोळ्याच्या शुभेच्छा, शिवजयंतीचे पोस्टर, लग्नपत्रिकेवरचा गणपती, हे सगळे पांढुर्णा आणि सौंसरमधली पोरे आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, म्हणजे एआयकडून, मिनिटभरात करून घेतात. त्यात वाईट काही नाही. पण तेच यंत्र कपडे घातलेल्या बाईच्या साध्या फोटोवरून तिचे उघडे चित्रही तयार करते. जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला ‘एक्स’ या समाजमाध्यमावरच्या ‘ग्रोक’ नावाच्या एआयने हेच उघडपणे केले. बायकांच्या फोटोखाली कोणीही ‘हिचे कपडे कमी कर’ असे लिहावे आणि यंत्राने ते करून सर्वांसमोर ठेवावे, असा प्रकार काही दिवस चालला. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २ जानेवारीला कंपनीला नोटीस दिली. जगभरातून ओरड झाल्यावर कंपनीने खऱ्या माणसांच्या अशा चित्रांवर बंधने घातली.

दुसरीकडे, हेच तंत्र हाताशी धरून काही चित्रकार नग्न शरीराकडे नव्याने पाहत आहेत आणि विचारत आहेत की ज्याचे चित्र निघते त्याची संमती कुठे असते. एकाच यंत्राची ही दोन टोके आहेत. आपल्या सभासदांत दोन तऱ्हेची मते ऐकू येतात. काहींना वाटते की नग्नतेचे नावच नको, सगळे बंद करा. काहींना वाटते की कलेला हात लावू नका. आम्हाला वाटते की दोन्ही बाजूंनी चुकीचा प्रश्न हातात धरला आहे. प्रश्न कपड्यांचा नाही, होकाराचा आहे. हे मराठी समाजाच्याच इतिहासातून नीट दिसते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

शंभर वर्षांचा जुना वाद

मराठीत नग्नतेवरून झालेले वाद नवे नाहीत. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते चालवले. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य यांवर ते स्पष्ट लिहीत आणि मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र छापत. शरीर ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, हे त्यांना सांगायचे होते. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. खटला हरला, दंड झाला, पण बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली ही गोष्ट मराठी समाजाच्या लक्षात राहिली.

१९५४ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात अकबर पदमसी यांच्या प्रदर्शनातील ‘लव्हर्स’ या चित्रावरून त्यांना अटक झाली. पुढे न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. गंमत पाहा, जवळपास सत्तर वर्षांनी त्याच पदमसींच्या कलाकृती पुन्हा अडकल्या. २०२३ मध्ये मुंबईच्या सीमाशुल्क विभागाने परदेशातून लिलावात घेऊन आणलेल्या सात कलाकृती अश्लील म्हणून जप्त केल्या. त्यांत गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची रेखाटने होती आणि पदमसींचे काम होते. १ जुलै २०२४ रोजी त्या जप्त करण्याचा आणि पुढे नष्ट करण्याची वाट मोकळी करणारा आदेश निघाला. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि कलाकृती परत देण्यास सांगितले. प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसते, हा न्यायालयाचा मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये टेनिसपटू बोरिस बेकर यांच्या एका नग्न छायाचित्राच्या खटल्यात असाच विचार मांडला होता. केवळ शरीर उघडे आहे म्हणून चित्र अश्लील ठरत नाही. पूर्ण चित्र, त्याचा हेतू आणि आजच्या समाजाची दृष्टी पाहावी लागते.

या सगळ्या प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. न्यायालयात विचारला गेलेला प्रश्न नेहमी पाहणाऱ्याचा होता. पाहणाऱ्याचे मन बिघडेल का? समाजाला लाज वाटेल का? चित्रात जिचे शरीर आहे, तिला कोणी साक्षीला बोलावले नाही. चित्रकार होता, पोलीस होते, समाज होता. ती मात्र नव्हती.

जे. जे.च्या वर्गात बसणारी बाई

ती मराठीत समोर आली रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या चित्रपटात. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात, म्हणजे जे. जे.त, ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख असताना, १९२० च्या आसपास नग्न मॉडेलसमोर बसून रेखाटन करण्याचा अभ्यास सुरू झाला. शरीर शिकायचे तर ते पाहूनच शिकावे लागते, ही त्यामागची समज. तेव्हापासून अनेक पिढ्या विद्यार्थी तिथे शिकले, पण समोर बसणाऱ्या बाया कोण, हे बाहेर कोणाला माहीत नव्हते. ‘न्यूड’मध्ये नवऱ्याला सोडून मुलासह मुंबईत आलेली यमुना दिसते. ती मावशीकडे राहते आणि कळते की मावशी जे. जे.त मॉडेलचे काम करते. मुलाच्या शिक्षणासाठी यमुनाही ते काम धरते, मुलापासून लपवून. यमुनेची भूमिका कल्याणी मुळे यांनी आणि मावशीची छाया कदम यांनी केली.

२०१७ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट भारतीय विभागात दाखवायचे परीक्षकांनी ठरवले होते. माहिती व प्रसारण मंत्रालयाने तो ‘एस. दुर्गा’ या मल्याळम चित्रपटासोबत यादीतून काढला. परीक्षक मंडळाचे प्रमुख सुजय घोष यांनी राजीनामा दिला. पुढे सेन्सॉर मंडळाने काटछाट न करता प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले आणि २७ एप्रिल २०१८ रोजी चित्रपट लागला. ज्यांनी पाहिला त्यांना ठाऊक आहे की त्यात उघड्या शरीरापेक्षा मोठी गोष्ट आहे: एका बाईने विचार करून दिलेला होकार आणि त्या होकारासाठी तिला मोजावी लागलेली किंमत.

अशा वर्गातला होकार कसा असतो, ते नीट पाहू. बाई स्वतः येते. तिला पैसे मिळतात. साधारण रीत अशी की वर्गात फक्त शिकणारे आणि शिकवणारे असतात, फोटो काढत नाहीत, मधे विश्रांती असते, ती उठून अंगावर कपडा घेऊ शकते. उद्या नाही आले तर नाही आले. म्हणजे तिचा होकार या खोलीपुरता, या कामापुरता, या वेळेपुरता आहे. ‘मी शिकण्यासाठी बसते’ याचा अर्थ ‘माझे चित्र गावभर लावा’ असा होत नाही. होकाराला कुंपण असते आणि ते कुंपण तिने घातलेले असते.

गरिबीत दिलेला होकार खरा असतो का, असाही प्रश्न निघतो, आणि तो रास्त आहे. यमुनेपुढे फार वाटा नव्हत्या. पण म्हणून तिच्या होकाराला काहीच किंमत नाही असे म्हटले, तर तिची शेवटची मालमत्ताही आपण काढून घेतो. त्यापेक्षा तिची मजुरी वाढावी, तिला मान मिळावा, तिचे नाव हवे तेव्हा झाकले जावे आणि हवे तेव्हा घेतले जावे, हे पाहणे जास्त न्यायाचे आहे.

यंत्राच्या वर्गात कोण बसले आहे?

आता एआयकडे येऊ. कोणी म्हणेल, हा तर उत्तम तोडगा झाला. बाईला बसवायलाच नको, यंत्र शरीर काढून देईल, कोणाची अब्रू जायला नको. हे ऐकायला गोड आहे, पण यंत्राला शरीर कसे दिसते हे कुठून कळले? त्याने लाखो-कोट्यवधी चित्रे आणि फोटो पाहिले म्हणून कळले. ते फोटो कोणाचे तरी होते.

‘लायन-५बी’ नावाच्या एका संग्रहात इंटरनेटवरून उचललेल्या पाच अब्जांहून जास्त चित्रांचे दुवे आहेत. प्रसिद्ध चित्रयंत्रे अशाच संग्रहांवर शिकली. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कलावंत बाईला त्या संग्रहात स्वतःच्या चेहऱ्याचे फोटो सापडले. ते तिच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये उपचाराच्या नोंदीसाठी घेतले होते आणि तेवढ्यासाठीच तिने होकार दिला होता. डिसेंबर २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दाखवले की त्याच संग्रहात मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रेही शिरली होती; त्यानंतर तो संग्रह काही काळ काढून घेतला गेला. म्हणजे जे. जे.च्या वर्गात एक बाई बसते आणि तिला कळते की ती बसली आहे. यंत्राच्या वर्गात कोट्यवधी लोक बसवलेले आहेत आणि त्यांना पत्ता नाही.

ही गोष्ट जगातल्या काही कलावंतांनी आपल्या कामातून पुढे आणली. रॉबी बॅरट या अमेरिकी तरुणाने २०१८ मध्ये जुनी नग्नचित्रे दाखवून एका यंत्राला नग्नचित्र काढायला लावले. निघाले काय, तर वितळलेल्या मांसाचे गोळे. यंत्राने शरीराचा रंग आणि पोत ओळखला, पण माणूस ओळखला नाही. जेक एल्विस या ब्रिटिश कलावंताने २०१६ मध्ये आणखी मजेशीर गोष्ट केली. एका कंपनीने अश्लील चित्रे ओळखून काढण्यासाठी जे यंत्र तयार केले होते, तेच उलटे फिरवून त्याच्याकडून चित्रे काढवली. पुन्हा तेच: कातडीसारखे काहीतरी, पण कोणाचेच नाही. यातून समजते की गाळणी लावणाऱ्या यंत्राला कातडी किती दिसते एवढेच मोजता येते, त्यामागचा होकार मोजता येत नाही. म्हणूनच समाजमाध्यमांची गाळणी स्तनपानाचा किंवा स्तनाच्या कर्करोगाचा फोटो अडवते आणि कपडे नीट असलेला पण चोरलेला फोटो सोडून देते.

एल्विस यांनी पुढे ‘झिझी शो’ नावाचे काम केले. त्यात एआयने तयार केलेले नर्तक नाचताना दिसतात. पण ज्यांच्या शरीरावरून यंत्र शिकले, त्या कलाकारांना आधी विचारले होते आणि त्यांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर काम केले होते. ब्रिटनच्याच ॲना रिडलर यांनी ट्यूलिपच्या फुलांवर काम करताना बाहेरचा संग्रह न घेता दहा हजार फोटो स्वतः काढले. फुलाला काही विचारायचे नसते, पण यंत्राला शिकवायचे साहित्य कष्टाने आणि हक्काने गोळा करता येते, हे त्यांनी दाखवले. आपल्या देशात हर्षित अग्रवाल यांनी २०१८ मध्ये दिल्लीच्या नेचर मॉर्ट कलादालनातील एआय कलेच्या प्रदर्शनात मानवी शरीराच्या शस्त्रक्रियेच्या दृश्यांवर यंत्र शिकवून केलेले काम मांडले. थोडक्यात, एआय वापरणारा प्रत्येक कलावंत चोर नाही. उलट, चोरी कुठे आहे हे आधी सांगणाऱ्यांत कलावंतच होते.

यावर एक आक्षेप येतो. खजुराहोच्या शिल्पकाराने कोणाची संमती घेतली होती? आपल्याच मध्यप्रदेशात हजार वर्षांपूर्वीची ती शिल्पे उभी आहेत आणि आपण ती सहकुटुंब पाहतो. आक्षेप चांगला आहे. उत्तर असे की खजुराहोची अप्सरा कोणा एकीची ओळख घेऊन उभी नाही. तिला पाहून कोणी म्हणत नाही की ही अमक्याची सून. कल्पनेतले शरीर काढायला कोणाचा होकार लागत नाही. ज्या क्षणी चित्रात ओळखता येणारा चेहरा येतो, त्या क्षणी होकार लागतो. मग चित्र हाताने काढलेले असो, कॅमेऱ्याने की यंत्राने.

२०२२ मधले एक प्रकरण इथे उपयोगी आहे. अभिनेते रणवीर सिंग यांनी एका परदेशी मासिकासाठी नग्न फोटो काढून घेतले. मुंबईत चेंबूर पोलीस ठाण्यात त्यांच्यावर अश्लीलतेचा गुन्हा नोंदला गेला. पोलिसांना दिलेल्या जबाबात त्यांनी सांगितले की फिरत असलेल्या फोटोंपैकी एक आपला नाहीच, त्यात फेरफार केला आहे. तक्रार करणाऱ्यांना सगळे फोटो सारखेच वाटत होते. पण त्या माणसाच्या बाजूने पाहिले तर त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एका बाजूला त्याने स्वतः दिलेले फोटो, दुसऱ्या बाजूला त्याला न विचारता केलेला एक.

याच्या उलटही घडले आहे. जुलै २०२१ मध्ये आणि जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम महिलांचे साधे, पूर्ण कपड्यांतले फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी दोन ॲप निघाली होती. त्या तपासात आपल्या मध्यप्रदेशातूनही अटक झाली. तिथे नग्नता मुळीच नव्हती, तरी त्या बायकांची जी विटंबना झाली ती कोणत्याही नग्नचित्रापेक्षा कमी नव्हती. नग्नता असून अत्याचार नाही, असे जे. जे.च्या वर्गात दिसते. नग्नता नसून अत्याचार आहे, असे त्या ॲपमध्ये दिसले. मग कपड्यांवरून न्याय कसा करणार?

कायदा कुठवर आला आहे

आपला कायदा अजून बराचसा कपड्यांवरून न्याय करतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई दुसऱ्याच्या खाजगी अवयवांचे चित्र त्याच्या संमतीशिवाय टिपणे किंवा पसरवणे हा गुन्हा मानते. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘संमती’ हा शब्द तिथे आहे, ही चांगली गोष्ट. पण एआयच्या चित्रात चेहरा तिचा असतो आणि शरीर यंत्राने रचलेले, म्हणून वकील म्हणू शकतो की हे तिचे अवयवच नाहीत. मग प्रकरण कलम ६७ आणि ६७-ए कडे वळते, आणि ती कलमे अश्लील मजकूर पसरवण्याची आहेत. म्हणजे मुलीवर अन्याय झाला म्हणून नाही, तर समाजात अश्लील वस्तू आली म्हणून खटला चालतो. फिरून गाडी त्याच जुन्या प्रश्नावर येते.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत कायदा जास्त स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पॉक्सो कायद्यात संगणकाने तयार केलेले, खऱ्या मुलापासून वेगळे न ओळखता येणारे चित्रही धरले आहे. असे चित्र बनवणे, ठेवणे, पुढे पाठवणे यांत ‘गंमत केली’ ही सबब चालत नाही. दहावी-बारावीच्या मुलांना हे कोणीतरी स्वच्छ शब्दांत सांगायला हवे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्या बाईच्या व्हिडिओवर बसवून तो पसरवला गेला, तेव्हापासून सरकारही हलले. फेब्रुवारी २०२६ मध्ये नियम बदलले आणि २० फेब्रुवारीपासून लागू झाले. यंत्राने तयार केलेल्या मजकुरावर तशी खूण असणे आवश्यक झाले. नग्न किंवा फेरफार केलेल्या चित्राबद्दल त्या व्यक्तीने तक्रार केल्यास ते हटवण्याची मुदत आधी चोवीस तास होती, ती आता दोन तासांवर आणली आहे. अमेरिकेत मे २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली. दक्षिण कोरियाने २०२४ मध्ये अशी चित्रे जवळ बाळगणे आणि पाहणे यालाही शिक्षा ठेवली.

नामवंतांना आणखी एक वाट आहे. आशा भोसले यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मनाई दिली. आवाज, चेहरा आणि नाव यांवर त्या व्यक्तीचा हक्क आहे, हा त्यामागचा विचार. विचार योग्य आहे. पण उच्च न्यायालयात जाणे एका गायिकेला जमते, पांढुर्ण्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला जमेल का? तिच्या चेहऱ्याला बाजारात भाव नाही म्हणून तिचा हक्क लहान ठरू नये.

आपल्या गावचा प्रश्न

ऑक्टोबर २०२३ मध्ये आपला वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली, मराठी घरांची दाट वस्ती, नागपूरकडे जाणारी शिकणारी मुले. गावे मोठी झाली तरी ओळखी अजून घट्ट आहेत. मुंबईत एखादे खोटे चित्र फिरले तर शेजारच्या इमारतीत कोणाला कळणारही नाही. इथे एका दुपारी सगळ्या आळीत पोचते आणि सोयरिकीच्या बोलण्यापर्यंत जाते. ‘चित्र खोटे आहे’ हे सिद्ध झाले तरी लोक म्हणतात, आग असल्याशिवाय धूर निघतो का? या यंत्राने ती म्हण खोटी पाडली आहे. आता आगीशिवाय धूर काढता येतो, आणि तोही फुकटात.

याची दुसरी बाजू आम्हाला जास्त चिंतेची वाटते. भीतीपोटी मुलींना मागे ओढले जाईल. महालक्ष्मीच्या सजावटीसमोरचा फोटो टाकू नको, भुलाबाईच्या गाण्यांचा व्हिडिओ नको, गणेशोत्सवात नाच नको, नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयात तर नकोच नको, तिथे काय काय काढायला लावतात कोण जाणे. म्हणजे गुन्हा करणारा मोकळा आणि शिक्षा मुलीला. ज्या समाजातल्या काहींनी एकेकाळी सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकले, त्याने आज तशी चूक पुन्हा करू नये.

आपल्या गोटमारीची कथा सगळ्यांना पाठ आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर येतात. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी नदी ओलांडत होते आणि दोन्हीकडून दगड सुरू झाले, अशी आख्यायिका. सांगणारे दोन प्रकारे सांगतात. कोणी म्हणतो, मुलगी पळून गेली. कोणी म्हणतो, मुलाने पळवून नेली. मराठीत फरक एका क्रियापदाचा आहे, पण त्या मुलीच्या बाजूने सगळी कथाच त्या फरकात आहे. दगड मारणाऱ्या दोन्ही काठांनी तिला विचारले नाही की बाई, तुझ्या मनाने चालली आहेस का? आजही खोटे चित्र आले की एक काठ ‘संस्कृती’ म्हणून दगड उचलतो आणि दुसरा ‘स्वातंत्र्य’ म्हणून. नदीत उभी असलेली मुलगी तशीच.

मंडळ म्हणून काय करता येईल

हे सगळे वाचून हातात काय घ्यायचे? आम्हाला सुचलेल्या गोष्टी अशा.

पहिली, फोटोंची. मंडळाच्या कार्यक्रमांचे फोटो पानावर टाकण्याआधी त्यातील माणसांना विचारावे. तान्हा पोळ्याला नटलेल्या लहान मुलांचे फोटो नाव, शाळा आणि पत्त्यासह टाकू नयेत. पालकांचा होकार घ्यावा. कोणी ‘माझा फोटो काढा’ म्हटले तर कारण न विचारता त्याच दिवशी काढावा. होकार परत घेता येतो, हे मुले मोठ्यांच्या वागण्यातूनच शिकतील.

दुसरी, चित्रस्पर्धांची. एआयने केलेले चित्र असेल तर तसे लिहावे, आणि ओळखता येणाऱ्या माणसाचे चित्र त्या माणसाच्या होकाराशिवाय घेऊ नये. मग त्या चित्रात पैठणी असो की काहीच नसो, नियम एकच. कोणी वयस्क कलावंत शरीर या विषयावर गंभीर काम घेऊन आला, तर त्याला दारातूनच परत पाठवू नये. तीन गोष्टी विचाराव्यात: चेहरा कोणाचा, यंत्राला शिकवायला साहित्य कुठून आणले, आणि हे काम कोणाला दाखवायचे. तिन्हींची उत्तरे सरळ आली तर प्रौढांसाठी ते मांडता येईल आणि आवडले नाही तर तसे सांगताही येईल. नावड हे बंदीचे कारण नव्हे.

तिसरी, संकटाच्या वेळची. कोणाच्या मुलीचे, सुनेचे, बहिणीचे किंवा मुलाचे असे चित्र फिरले, तर पहिले वाक्य ‘तू फोटो टाकलाच कशाला’ हे नसावे. ‘तुझी चूक नाही’ हे असावे. चित्र पुढे पाठवू नये, ‘पाहा काय चालले आहे’ असे सांगण्यासाठीसुद्धा नाही. दुवा, तारीख, पाठवणाऱ्याचा क्रमांक यांची नोंद ठेवावी. राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक १९३० आहे आणि गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. समाजमाध्यमाकडे स्वतः त्या व्यक्तीने तक्रार केली की दोन तासांची मुदत सुरू होते. म्हणून लाजेने दिवस घालवणे हेच सर्वांत महागात पडते. एकटीने ठाण्यात जायला नको वाटत असेल, तर मंडळातल्या दोन वडीलधाऱ्या बायांनी सोबत जावे.

चौथी, मुलग्यांची. आपण मुलींना सावध करतो, ते ठीकच. पण असे चित्र बहुधा मुलगाच बनवतो, आणि तो कोणाच्या तरी घरात जेवतो, झोपतो. त्याच्याशी बापाने, काकाने, मामाने बोलायला हवे. कायद्याची भीती सांगावी, पण तेवढ्यावर थांबू नये. समोरच्या वर्गातली मुलगी म्हणजे यंत्रात टाकायचा कच्चा माल नाही, हे घरातच सांगावे लागते. ते कोणतेही ॲप सांगणार नाही.

जमल्यास येत्या हिवाळ्यात प्रौढ सभासदांसाठी ‘न्यूड’ दाखवून त्यावर चर्चा ठेवावी, असे आम्हाला वाटते. नापसंती असेल त्यांनीही यावे आणि बोलावे. त्या चित्रपटात एक बाई कपडे उतरवते आणि तरी तिची अब्रू तिच्याच हातात राहते. मोबाइलमधल्या यंत्रात एका मुलीचे कपडे न उतरवता तिची अब्रू दुसऱ्याच्या हातात जाते. हा फरक आई-वडिलांनी आणि मुलांनी एकत्र बसून पाहिला, तर पुढची बोलणी घरात सोपी होतील. सभासदांनी आपले मत कार्यकारिणीकडे जरूर कळवावे. फोटोंबाबतचा नियम पुढच्या बैठकीत सर्वांच्या विचाराने ठरवावा, ही विनंती.